सुपारी आणि तीन पांढरे चिंचोके

चिंतामण पाठकाला बुद्धिबळ खेळता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे सोंगट्या कशा चालतात, कुठल्या डावात काय फसतं, हे त्याच्याइतकं अख्ख्या बारामतीत कुणाला ठाऊक नसेल. पण स्वतः पटाशी बसला की गडी घामाघूम व्हायचा आणि बघता बघता वजीर गमावून मोकळा व्हायचा. कॅनॉलच्या हापिसात तो कारकून. नीरेच्या कालव्याला पाणी किती चढलं नि किती उतरलं, याचे आकडे लिहिता लिहिता डोक्यावरचे केस निम्मे झाले होते. दुसरे दोघे खेळत असले आणि चिंतामण बाजूला मांडी घालून बसला असला, की मात्र त्याला दिसायचं. कोण वर आहे ते तर दिसायचंच, पण किती वर आहे तेही दिसायचं. ‘पांढऱ्याचं बरं चाललंय’ असलं मोघम बोलणं त्याला खपत नसे. बरं म्हणजे किती बरं, ते सांगा!

त्यासाठी त्याने चिंचोके धरले होते. सारीपाटाला घरोघरी फोडून घेतात तेच. फोडलेल्या चिंचोक्याची आतली बाजू पांढरी असते आणि पाठ काळी. चिंतामण डाव पाहायचा आणि पितळी ताटलीत चिंचोके मांडायचा. पांढऱ्याचं पारडं जड असेल तर पांढरी बाजू वर, काळ्याचं जड असेल तर काळी बाजू वर. अगदी बरोबरी असेल तर ताटली रिकामी. एका प्याद्याचे चार चिंचोके, घोड्याचे नि उंटाचे बारा-बारा, हत्तीचे वीस, वजिराचे छत्तीस. बापूसाहेब म्हणून एक गुळाचे मोठे व्यापारी होते, त्यांनी एकदा विचारलं, “प्याद्याला एकच धरा की हो. चार कशाला उगाच?”

“अहो, एखाद्याचा हत्ती मोकळ्या वाटेवर असतो,” चिंतामण म्हणाला. “एखाद्याची दोन प्यादी एकामागे एक अडकलेली असतात. त्याचा फरक अख्ख्या प्याद्याएवढा नसतो, पण असतो ना? तो कशात दाखवू मी? चार धरले की पावप्यादंही मांडता येतं.”

बापूसाहेबांना हे एकदम पटलं. गुळाच्या ढेपेवरून त्यांना पावशेराची किंमत ठाऊक होती.

तर या चिंचोक्यांचं गावात काम काय? सांगतो. चैत्रातल्या एका रविवारी बारामती आणि इंदापूर यांच्यात दर साली एक डाव व्हायचा. या गावचा एक गडी, त्या गावचा एक. जागा चिंतामणाच्या घरची ओसरी, कारण घरासमोरच एस.टी.चा स्टँड. इंदापूरकडची शेवटची गाडी संध्याकाळी सुटायची आणि डाव काही तोवर संपायचा नाही. ड्रायव्हरने हॉर्न दिला की हात वर, डाव जिथे असेल तिथे थांबला. मग सगळ्यांनी अंगणात चहाला जायचं, आणि चिंतामणाने ओसरीचं दार ओढून घेऊन एकट्याने डाव तोलायचा. तोल ताटलीत मांडायचा, वर वाटी पालथी घालायची आणि दार उघडायचं. वाटी उचलायचा मान पाहुण्यांचा. चार किंवा जास्त चिंचोके निघाले, म्हणजे निदान एका प्याद्याची आघाडी, तर त्या बाजूची जीत. चाराच्या आत असले तर बरोबरी.

आणि मात? पहिल्या वर्षी तिथेच घोळ झाला होता. मात म्हणजे सगळ्यांहून मोठी, म्हणून चिंतामणाने ताटलीत चिंचोक्यांचा ढीगच ओतला. ढीग ताटलीत मावेना. वाटी घालताना पसाभर सांडले, निम्मे उलटे पडले, आणि मात पांढऱ्याची की काळ्याची यावरून दोन्ही गावांची अशी जुंपली, की इंदापूरची मंडळी चहा न घेताच गाडीत जाऊन बसली. तेव्हापासून मात दाखवायला सुपारी आली. अख्खी, न फोडलेली. ताटलीत सुपारी दिसली की समजायचं, हा आकडा नव्हे, ही मात आहे. शेजारचे चिंचोके सांगायचे ती मात किती खेळ्यांवर आहे, आणि त्यांची वरची बाजू सांगायची ती कुणाची. सुपारी असली की चिंचोके जितके कमी तितकी मात जवळची, तितकं मोठं. नुसते चिंचोके असले तर मात्र कमी म्हणजे कमीच. 

भांडणाच्या भीतीने आणखी तीन नियम झाले होते. डाव मांडण्याआधी पाहुण्यांनी वाटी उचलून ताटली रिकामी असल्याची खात्री करायची. ताटली झाकल्यापासून गाडी सुटेपर्यंत तोलणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. आणि एकदा झाकलेल्या ताटलीवरचा तोल फिरवायचा नाही. इंदापूरकरांना बारामतीचा तोलणारा कसा चालला, म्हणाल, तर चिंतामणाचा जन्म इंदापूरचा आणि पोट बारामतीचं. शिवाय दुसऱ्याच वर्षी त्याने बारामतीच्या विरुद्ध सहा काळे चिंचोके मांडले होते. तेव्हापासून इंदापुरात त्याचं नाव झालं.

असं सगळं छान होतं. फक्त चिंतामणाच्या काळजात एक काटा होता, आणि त्या काट्याचं नाव नारायण.

नारायण त्याचा बालमित्र. स्टँडवर तिकिटाच्या खिडकीत बसायचा. त्याला बुद्धिबळ शिकवलं कुणी? चिंतामणाने! कऱ्हेच्या काठी फरशीवर कोळशाने घरं आखून, घोडा अडीच घरं कसा उडी मारतो ते चिंतामणाने बोट धरून दाखवलं. आठवड्याभरात नारायणाने त्याला हरवलं. हरवलं ते हरवलं, वर हसत म्हणतो, “चिंतू, तू मुद्दाम हरलास ना रे?” असला हा माणूस. अभ्यास नाही, विचार नाही, तोंडात पान आणि गळ्यात नाट्यपद, आणि सोंगटी उचलून ठेवली की बघणाऱ्यांच्या तोंडून ‘वा!’ निघालंच म्हणून समजा. तीन वर्षं बारामतीकडून तोच बसत होता, आणि दोनदा बापूसाहेबांनी त्याच्या डोक्याला जरीचा फेटा बांधला होता. तोलणाऱ्याला फेटा बांधावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. कशाला येईल? तराजूला कुणी हार घालतं का?

चिंतामणाने मनात एक ताटली कायमची मांडून ठेवली होती. एका बाजूला आपण, एका बाजूला नारू. अक्षर माझं चांगलं, दोन पांढरे. गळा त्याचा चांगला, चार काळे. केस त्याचे, अजून चार. पगार सारखाच. पण माझ्या घरात माझी बायको यशोदा त्याच्या विनोदावर जशी हसते, तशी माझ्या कुठल्या बोलण्यावर हसली आहे? ती ताटली कधी पांढरी झालीच नाही. चिंतामण रोज रात्री ती मोडायचा आणि सकाळी स्टँडवरून जाताना खिडकीतून “काय चिंतू!” अशी हाक आली की ती आपोआप पुन्हा मांडली जायची.

“तुम्हाला नारायणभावजींचं काही बघवत नाही,” यशोदा एकदा तोंडावर म्हणाली होती.

“मला? त्याचं? मीच शिकवलाय त्याला!”

“तेच तर. शिकवलंत आणि तेवढ्यासाठी आयुष्यभर जळताय.”

त्या वर्षी इंदापूरकडून पळसदेवचे आबासाहेब आले. भीमेकाठचे बागाईतदार; वांगी, दोडके, केळी, जे लावतील ते सोनं होऊन बाजारात जायचं. येताना वांग्यांची पाटी यशोदेच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, “वयनी, डाव हरलो तर वांगी परत नेनार न्हाय, घाबरू नका.” यशोदा हसली. चिंतामणाला त्या हसण्याचंही काही वाटलं नाही, कारण आबासाहेब काही नारायण नव्हते. मग आबासाहेबांनी वाटी उचलून ताटली पाहिली, “रिकामी हाय,” असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, आणि डाव सुरू झाला. नारायण पांढरी घेऊन, आबासाहेब काळी.

दुपार कलेपर्यंत ताटली जवळपास रिकामी राहिली असती, असा डाव चालला होता. आबासाहेब चिवट गडी. चिंतामण भिंतीला टेकून मनातल्या मनात चिंचोके मांडत होता, काढत होता. एक पांढरा. पुन्हा शून्य. एक काळा. आणि उन्हं अंगणात उतरली तेव्हा नारायणाने, पान चघळत, आपला हत्ती उचलला आणि सरळ आबासाहेबांच्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला.

ओसरीवर एकदम चुळबूळ झाली. बापूसाहेब तर अर्धे उठलेच. “अरे नारायणा, हत्ती! फुकट?”

नारायणाने पान या गालातून त्या गालात सरकवलं. आबासाहेबांनी पटाकडे पाहिलं, नारायणाकडे पाहिलं, पुन्हा पटाकडे पाहिलं, आणि “लक्ष्मी चालून आल्यावर न्हाय म्हनू नये,” म्हणत हत्ती घेतला. खेळी आता नारायणाची. त्याने हात पुढे केला आणि समोरून ड्रायव्हरने हॉर्न दिला. हात वर. डाव थांबला. मंडळी बाहेर गेली, दार ओढलं गेलं, आणि चिंतामण पटासमोर एकटा बसला.

आधी त्याने नुसत्या सोंगट्या मोजल्या. एक अख्खा हत्ती काळ्याच्या जास्त. वीस काळे! त्याच्या छातीत काहीतरी गार गार झालं, फार बरं वाटलं. आपलं गाव हरतंय याचं दुःख व्हायला हवं होतं, ते कुठेच सापडेना. नारू, गेलास! वीस काळ्यांनी गेलास! त्याने चिंचोके मोजायला घेतले, काळी बाजू वर करून एक एक ताटलीत ठेवू लागला. ठेवता ठेवता सवयीने त्याची नजर पटावर फिरत होती, आणि मधेच त्याचा हात थांबला.

घोड्याचा शह. काळ्या राजाला एकच घर, कोपऱ्याकडचं. मग उंट आडवा टाकून परतीची वाट बंद. त्यावर काळा काहीही करो. आणि तिसऱ्या खेळीला प्यादं, साधं प्यादं, एक घर पुढे. मात.

आणि नुसती मात नव्हे, प्याद्याची मात! आपल्या देशी डावात वजिराने केलेली मात कुणीही करतो म्हणतात. प्याद्याची मात करणारा एखादाच. तिचं नाव पुढची वीस वर्षं निघतं. तो हत्ती फुकट दिलेला नव्हता. तो दिल्यावरच ते कोपऱ्यातलं दार उघडलं होतं.

“मेल्या,” चिंतामण पुटपुटला. “हे कधी पाहिलंस तू?”

त्याने काळे चिंचोके काढले, यशोदेच्या पूजेच्या तबकातली सुपारी आणून ताटलीत मधोमध ठेवली आणि तिच्या शेजारी तीन पांढरे मांडले. हे त्याने अगदी प्रामाणिकपणे केलं. हाताला तेवढं एकच वळण होतं. वाटी उचलली, झाकणार, तोच अंगणातून हसण्याचा गलका आला. नारायण काहीतरी सांगत होता, आबासाहेब हसत होते, बापूसाहेब हसत होते, आणि सगळ्यांच्या वर यशोदेचा आवाज होता, “इश्श, काहीतरीच तुमचं भावजी!”

चिंतामणाच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. वाटी उचलली जाणार. सुपारी! प्याद्याची मात! जरीचा फेटा. वर्षभर स्टँडवर तीच गोष्ट. आणि ती मात ओळखली कुणी, शोधली कुणी, हे विचारणार कोण? कुत्रंही विचारणार नाही.

त्याने सुपारी उचलली.

खोटं काय केलं मी, असं तो स्वतःलाच म्हणाला. काळे मांडले? नाही. पांढरेच आहेत, तीन आहेत. मी काही ठेवलेलं नाही, फक्त एक उचललं आहे. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणं म्हणतात ते हेच, आपल्याच गावची जीत आपण गिळतोय, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि तरी नारूच्या डोक्यावरचा तो फेटा त्याला सहन होत नव्हता. एवढ्यात दाराशी बापूसाहेबांच्या वहाणा वाजल्या. कोट खुंटीवर, बंडीला खिसा नाही. चिंतामणाने ताटलीवर वाटी घातली आणि सुपारी तोंडात टाकली.

सगळे आत आले. चिंतामण गाल आत ओढून बसला होता. तोलणाऱ्याने बोलायचं नसतंच, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. आबासाहेबांनी वाटी उचलली.

“तीन पांढरं?” ते चकित झाले. “आवं, माझा हत्ती ज्यादा हाय की! पांढरं कसं?”

“तीन म्हणजे बरोबरी,” बापूसाहेब खट्टू होऊन म्हणाले. “नारायणा, तो हत्ती घालवला नसतास तर आज आपली जीत होती बाबा. काय हे!”

नारायण ताटलीकडे पाहत होता. मग त्याने पटाकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं. चिंतामणाच्या दाढेखाली सुपारी दगडासारखी टोचत होती. नारायणाने वर पाहिलं, चिंतामणाच्या डोळ्यांत पाहिलं, आणि म्हणाला, “मला मात दिसत होती. पण चिंतूने तीन मांडले म्हणजे तीनच. माझंच काहीतरी चुकलं असेल.” आणि हसत त्याने आबासाहेबांना मिठी मारली.

फेटा बापूसाहेबांनी घडी करून परत नेला. गाडी सुटली. नारायण पाहुण्यांना बसवून परत आला तेव्हा ओसरीवर दोघंच होते, आणि पट तसाच मांडलेला होता.

“आता गाडी गेली, आता बोलायला हरकत नाही,” तो समोर बसत म्हणाला. “सांग चिंतू. घोड्याचा शह, राजा कोपऱ्यात, उंट आडवा. इथं काळ्याला काय सुचतं? मी गाडीपर्यंत जाऊन विचार केला. मला नाही रे दिसत. दाखव की. तू शिकवलंस तसं दाखव.”

चिंतामण बोलेना. बोलणार कसा? नारायण वाट बघत राहिला, अगदी फरशीवर कोळशाने आखलेल्या पटापुढे बसायचा तसाच. शेवटी चिंतामणाने तोंडात बोट घातलं, सुपारी काढली आणि ताटलीत तीन पांढऱ्यांच्या शेजारी ठेवली. तिच्यावर दाताचा खोल व्रण उठला होता.

नारायणाने सुपारीकडे पाहिलं. त्याला समजायला काही वेळ लागला नाही, डाव समजायला त्याला कधीच वेळ लागत नसे. चेहरा उतरला, मग लाल झाला. आता हा बोंब मारणार, गाव गोळा करणार, असं चिंतामणाला वाटलं. खरं म्हणजे तशी आशाच वाटली.

“धुऊन तरी ठेवायचीस,” नारायण म्हणाला, आणि उठला. दारात थांबून पाठमोराच बोलला, “ताटलीवरचा तोल फिरवायचा नाही. तुझाच नियम आहे.”

नारायणाने कुणाला सांगितलं नाही. एका शब्दाने नाही. गावाने त्याचं नाव ‘हत्तीदाते’ पाडलं. तिकीट काढायला येणारा जो तो खिडकीत डोकावून म्हणायचा, “काय हत्तीदाते, एक कन्हेरी द्या, हत्ती नको!” आणि नारायण तिकीट फाडून देता देता सगळ्यांत मोठ्याने हसायचा. चिंतामण रस्त्याच्या पलीकडून ते ऐकायचा. “काय चिंतू!” ही हाक मात्र बंद झाली होती. नजरानजर झाली तर नारायण मान हलवायचा, अनोळखी प्रवाशाला हलवतात तशी.

चिंतामणाला रात्री झोप लागेना. पश्चात्तापाने म्हणाल, तर तोही होता थोडा, नाही कशाला म्हणा. पण मोठा भाग वेगळाच होता, आणि तो त्याचा त्यालाच उमगला तेव्हा त्याने कपाळावर हात मारून घेतला. त्याला आता नारायणाच्या गप्प बसण्याचाही हेवा वाटत होता! गावभर शिव्या खातो, हसतो आणि माझं नाव घेत नाही. कुणी सांगितलं होतं याला एवढं मोठं व्हायला? गळा याचा, केस याचे, मात याची, आता मोठेपणाही यालाच? मनातल्या ताटलीत काळे चिंचोके मावेनात, सांडू लागले.

“भावजी येईनासे झाले हो,” यशोदा एकदा चिंचोके फोडता फोडता म्हणाली. “त्या दिवशी अंगणात मी म्हटलं, हत्ती गेला तरी तुम्ही निवांत कसे? तर म्हणाले, चिंतू आत बसलाय ना, मग मला कसला घोर? चिंतूला माझ्याहून जास्त दिसतं, वहिनी, फक्त त्याला ते कुणी सांगत नाही. मी म्हटलं, इश्श, काहीतरीच तुमचं.”

चिंतामण तसाच उठून परड्यात गेला आणि आडाचं पाणी उगाचच शेंदत बसला.

पुढचा चैत्र आला. पुन्हा ओसरी, पुन्हा आबासाहेब, या वेळी दोडक्यांची पाटी. बापूसाहेब तोच फेटा घेऊन आले होते. नारायण पांढरी मांडायला बसला. बारामतीला त्याच्याशिवाय दुसरं होतं कोण? नियमाप्रमाणे आबासाहेब ताटली रिकामी आहे का ते पाहायला पुढे झाले आणि त्यांनी वाटी उचलली.

ताटली रिकामी नव्हती. सुपारी होती, तिच्यावर दाताचा व्रण होता, आणि शेजारी तीन पांढरे चिंचोके होते.

“ह्ये काय? डाव मांडायच्या आदीच मात?” आबासाहेब म्हणाले.

“हा तोल या वर्षीचा नाही,” चिंतामण म्हणाला. त्या ओसरीवर डावाच्या दिवशी त्याचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. “गेल्या वर्षीचा आहे. सुपारी मी उचलली होती.”

“चिंतू, गप्प बस,” नारायण दात आवळून म्हणाला.

“का गप्प बसू? तू वर्षभर बसलास तेवढं पुरे झालं! एवढं तरी मला करू दे की रे, मेल्या!”

आणि त्याने गेल्या वर्षीचा डाव सोंगटी न सोंगटी आठवून मांडला. घोडा टाकला. आबासाहेबांचा हात धरून त्यांचा राजा कोपऱ्यात नेला. उंट आडवा घातला. “आता तुमचं काहीही खेळा,” म्हणाला. आबासाहेबांनी एक खेळून पाहिलं, परत घेतलं, दुसरं खेळून पाहिलं. मग चिंतामणाने प्यादं उचललं आणि एक घर पुढे ठेवलं.

“प्याद्यानं मारलं की मला,” आबासाहेब हळूच म्हणाले. “आन् वरीसभर मी पळसदेवात मिशीला पीळ देत हिंडतुय.” त्यांनी बापूसाहेबांच्या हातातला फेटा ओढून घेतला आणि स्वतःच्या हाताने नारायणाच्या डोक्याला बांधला. बांधताना त्यांचे डोळे ओले झाले होते, लपवायची तसदी त्यांनी घेतली नाही. लोक टाळ्या वाजवायला लागले. हत्ती! तो हत्ती! आता त्या हत्तीची गोष्ट नव्याने सुरू झाली, आणि ती थांबेना.

टाळ्या ओसरल्यावर बापूसाहेब चिंतामणाकडे वळले. त्यांनी हात पुढे केला. “तागडीला हात लावणाऱ्याला आमच्या पेठेत दुसऱ्या दिवशी उभा करत नाहीत, पाठक. ताटली द्या इकडे.”

चिंतामणाने ताटली दिली.

“मग तोलायचं कुनी?” आबासाहेबांनी विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं. “नारायणरावच तोलतील. तसंबी त्यांच्याशी खेळायची माजी हौस फिटली. बापूसायेब, पटाशी बसा तुमी.”

म्हणजे ताटलीही गेली, आणि गेली ती नारूकडेच. चिंतामण क्षणभर तिथेच उभा राहिला. नारायण फेट्यासकट भिंतीला टेकून बसला होता, बरोबर चिंतामणाच्या जागी, आणि चिंचोके ओंजळीत घेऊन त्यांच्याकडे असा पाहत होता की याचं काय करायचं असतं बुवा. मग त्याने मान वर केली.

“चिंतू,” त्याने हाक मारली. “अडकलेल्या जोडप्याद्यांचा एक काढायचा की दोन?”

“एक,” चिंतामण म्हणाला. “पुढे वाट बंद असेल तर दोन.” आणि वळून स्वयंपाकघरात गेला.

यशोदा पोहे परतत होती. दाराआडून तिने सगळं ऐकलं होतं, आणि ती नवऱ्याकडे पाहत नव्हती. चिंतामण पाटावर बसला. बाहेर बापूसाहेबांनी पहिलं प्यादं पुढे टाकल्याचा आवाज आला.

“फेटा कसा दिसतोय हो भावजींना?” तिने कढईतून नजर न काढता विचारलं.

चिंतामणाने मनातल्या ताटलीत हात घालून घालून पाहिला, पण कुठे एखादा पांढरा मिळेना.

“शोभतोय मेल्याला,” तो म्हणाला, आणि पोह्यांसाठी बशी पुढे ओढली.